बेंबीला वळसा

मला स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. आता सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण भिंगरी काही गेली नाही. पाय चालत नाहीत तेव्हा बोटं चालतात. उजव्या हाताची ही दोन बोटं. पाटाच्या कडेवर, उशीवर, स्वतःच्या मांडीवर ती आपली दाबून बघत असतात. नातवंडं विचारतात, आजी, काय शोधतेस गं? मी म्हणते, गप बसा, आपापली कामं करा. सांगायला सुरुवात केली तर सगळंच सांगावं लागेल म्हणून आजवर सांगितलं नाही. आता सांगून टाकते एकदाचं.

माझं माहेर सातारचं, सासर रहिमतपूर स्टेशनापासून बैलगाडीनं तासाभराच्या गावात. सासरी बेंबी बसवायचा हात होता. धंदा नव्हे हं. त्याबद्दल कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही, घेतली तर हाताचा गुण जातो, असा दंडक. हा हात माझ्या सासूबाईंचा. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी, म्हणून मी तसंच म्हणणार. आत्याबाई बुटक्या, काळ्या, शब्दाला धार. चेहऱ्यावर माया म्हणून दिसायची नाही, पण लोकांच्या पोटावर त्यांचा हात पडला की बाई वेगळीच व्हायची.

पोटात कळ आली, जुलाब लागले, जेवण जाईना, कंबर धरली, की आमच्या भागात म्हणायचे बेंबी सरकली. सकाळी तोंडात पाण्याचा थेंब न घालता आमच्या सोप्यावर यायचं. आत्याबाई माणसाला उताणं निजवायच्या आणि बेंबीच्या खळग्यात बोटं रोवायच्या. आत काहीतरी उडतं, प्रत्येकाच्याच उडतं. ते बरोबर मधे उडायला हवं. बाजूला उडत असेल तर सरकली. मग पायाचे अंगठे ओढायचे, अंगठ्यानं रेटून रेटून ते उडणं मधे आणायचं, आणि शेवटी पोटावर कणकेचा दिवा पेटवून त्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझतो, तांब्या कातडं ओढून धरतो. थोड्या वेळानं तो पक्कन सुटला की बेंबी बसली. वर गूळतुपाचा घास. माणूस उठून चालायला लागायचा आणि म्हणायचा, लय हलकं वाटतंया.

मी सातवी झालेली, सातारच्या शाळेत आरोग्याचं पुस्तक पाठ केलेली. पहिल्यांदा मला हसू आलं. पण आत्याबाईंना लेक नव्हती आणि हात कुणाला तरी द्यायला हवा होता. त्यांनी माझी बोटं धरून शिकवलं. मला आवडायला लागलं, खोटं का बोलू? घरातलं दुसरं कुठलंही काम करताना माझा जीव उडत असायचा. भाकरी थापताना मन शेतात, शेतात गेले की मन माहेरी. पण कुणाच्या पोटावर बोटं ठेवली की आतलं ते उडणं ऐकायला मी एवढी स्थिर व्हायचे की आत्याबाई म्हणायच्या, आता कशी गाय झालीस.

मामंजी पलटणीतले पेन्शनर. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. बोलणं कमी, तंबाखू जास्त. सहा फुटांचा गडी, मोटेवर उभा राहिला की बैलांपेक्षा मोठा दिसायचा. आमचे हे, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, तेही फौजेत, तेव्हा पार उत्तरेकडं. घरात आम्ही तिघंच.

संस्थानं विलीन झाली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. पावसाळा सरता सरता मामंजींची कंबर दुखायला लागली. मोट सोडली की ते पाठीला हात लावून उभे राहायचे. मग पोटात काहीतरी उडतंय म्हणू लागले. दुपारी सोप्यावर उताणे पडले की तंबाखूची चंची पोटावर ठेवायचे आणि ती टुणटुण नाचायची. शेजारची पोरं ते बघायला गोळा व्हायची. मामंजी म्हणायचे, बगा रं, माझी चंची कशी कवायत करतीया. सगळे हसायचे. मीही हसले आहे.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी सकाळी उपाशीपोटी हात लावला आणि निदान सांगितलं, बेंबी डावीकडं गेलीया, लय वर गेलीया. त्या दिवशी बसवली. दोन दिवसांनी पुन्हा तिथंच. पुन्हा बसवली. पुन्हा तिथंच. एवढी अडेलतट्टू बेंबी त्यांना जन्मात भेटली नव्हती, आणि तीही घरच्याच माणसाची. त्या इरेला पेटल्या. दिवाळीपर्यंत किती वेळा ते पोट रेटलं, देव जाणे.

आणि एका सकाळी मला म्हणाल्या, माझ्या अंगठ्याला कुरूप झालंय, जोर लागंना, आज तू बसव.

मी बोटं ठेवली. दोन बोटं दोन्ही बाजूंना, शिकवल्याप्रमाणे. इतकी पोटं बघितली होती मी. सगळ्यांचं उडणं खालून वर येतं, बोटाला ठोसा देतं आणि जातं. हे तसं नव्हतं. हे माझी दोन बोटं एकमेकांपासून लांब ढकलत होतं. दर ठोक्याला बोटं फाकायची, पुन्हा जवळ यायची. आत लिंबाएवढं नव्हे, चांगलं पेरूएवढं काहीतरी जिवंत होतं. मी म्हणाले, आत्याबाई, हे वेगळं लागतंय, हे बोटं फाकवतंय. त्या म्हणाल्या, चार पोटं बघितलीस आन मला शिकवतीस? रेट.

मी रेटलं. कळवळून मामंजींनी माझं मनगट धरलं, पण सोडलं लगेच. सुनेचं मनगट धरायची पद्धत नाही ना. म्हणाले, रेट पोरी, रेट, व्हय एकदाचं मोकळं. आणि मी अंगावरचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर घातला. बोटं सांगत होती नको, आणि मी रेटत होते, कारण सासूपुढं दुसऱ्यांदा तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. सगळं सांगायचंच ठरवलंय, तर हेही सांगायला हवं.

पुढच्या आठवड्यात मामंजींना पेन्शनीच्या कामासाठी साताऱ्याला जायचं होतं. माहेरी चार दिवस जाऊन ये म्हणून मलाही बरोबर पाठवलं. पोवई नाक्याचा चढ चढताना ते मधेच थांबले, भिंतीला टेकले, पांढरेफटक. मी हाताला धरून जवळच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते, घाईचे नव्हते. त्यांनी पोटावर पंजा ठेवला आणि विस्तवावर पडल्यासारखा चटकन उचलला. मग फक्त बोटांची टोकं, हलकेच. चेहरा उतरला. मला बाहेर बोलावून विचारलं, हे कुणी चोळलं-दाबलं आहे का?

मी म्हणाले, नाही.

का म्हणाले? भीतीनं. घराची लाज म्हणून. आजही त्या नाहीची मला चीड येते. डॉक्टरांनी माझ्याकडं नीट बघितलं, पुन्हा विचारलं नाही. एवढंच सांगितलं की पोटाला कुणीही हात लावायचा नाही, आणि सांगलीला एका मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनना चिठ्ठी दिली. उद्याच जा म्हणाले. माहेरी मी चहासुद्धा घेतला नाही. दुपारच्या गाडीनं आम्ही परत.

घरी रणकंदन झालं. मी आत्याबाईंना म्हटलं, हात लावू नका असं डॉक्टर म्हणालेत. का ते विचारायला मी डॉक्टरांपुढं थांबलेच नव्हते, त्यामुळं का ते सांगता येईना. त्या म्हणाल्या, व्हय की, आमी हात लावला तर त्येंच्या पोटावर पाय येतो. पोट कापून बेंबी बसवणार हायेत का? मामंजी तंबाखू मळत होते. शेवटी ते म्हणाले, सांगली काय बसऱ्यापेक्षा लांब न्हाई, जाऊन येऊ. विषय संपला. आत्याबाई म्हणाल्या, मग मीबी येणार. त्यांनी एक गाठोडं बांधलं. त्यात काय काय होतं ते मी बघितलं नाही, भाकऱ्या बांधण्यात गुंतले होते. बघायला हवं होतं.

रहिमतपूरला गाडीत बसलो. सांगलीसाठी उतरायचं त्या माधवनगरपर्यंत मी एक क्षण जागेवर बसले नसेन. गाडी प्रत्येक स्टेशनावर पाणी प्यायची, आणि हिसका बसला की माझी नजर मामंजींच्या पोटाकडं. धोतराच्या निऱ्यांच्या वर सदरा हलत होता, ठक ठक ठक. समोरचा एक कवठेमहांकाळकडचा म्हातारा मला म्हणाला, आवं बाई, बसा की, गाडी तुमी उभ्या राहिल्यानं काय जोरात जात न्हाई. आत्याबाई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलल्या. म्हणाल्या, तिला बसता येत न्हाई, तिचा सोभाव हाय त्यो.

दवाखान्यातले सर्जन चाळिशीचे असतील. लढाईच्या काळात परदेशात राहून आलेले, मराठी स्वच्छ बोलणारे. त्यांनी मामंजींना तपासलं, एक्स-रे काढायला पाठवलं, रक्त घेतलं. मग आम्हा बायकांना बाहेर घालवून मामंजींना पलटणीतल्या दिवसांबद्दल काहीतरी विचारलं. बाहेरच्या बायकांपासून लागणाऱ्या रोगाबद्दल विचारलं, ते मला खूप वर्षांनी कळलं. उत्तर काय दिलं ते कळलं नाही, आणि मला नकोही होतं.

मग त्यांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. शिकलेली दिसलीस म्हणून, म्हणाले. समोर सही करणारा मुलगा नव्हता, मग कुणाशी बोलणार ते? मी त्यांना आधीच विचारलं, की ते बोटं फाकवतं ते काय आहे?

त्यांनी मान वर केली. "बोटं फाकवतं हे तुला कुणी सांगितलं?"

मी टेबलावर दोन बोटं ठेवून दाखवलं, असं असं. मग माझा बांधच फुटला. बेंबी, दिवा, तांब्या, आत्याबाईंचा अंगठा, माझा अंगठा, सगळं सांगितलं. साताऱ्यात खोटं बोलले तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. मला वाटतं रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की डॉक्टर होणाऱ्या पोरांना जी खूण शिकवायला वर्ष जातं ती तुझ्या बोटांना आपोआप कळली. आणि मग शांतपणे पुढचं सांगितलं. काळजातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पाठीच्या कण्याला लागून पोटातून खाली जाते. सगळ्यांच्या बेंबीखाली जे उडतं ते तीच. मामंजींची ती एका जागी विरली होती आणि फुगली होती. फुगा वाढत चालला होता. फुटला तर माणूस घोटभर पाणी मागायच्या आत जातो. ज्या ज्या वेळी तुम्ही तो रेटलात, त्या त्या वेळी तो फुटू शकत होता.

ही गोष्ट आत्याबाईंना सांगू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते तुझं तू बघ, फक्त आता कुणाचा हात लागू देऊ नकोस. मी बाहेर आले. आत्याबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. काय म्हनला डाकतर, त्यांनी विचारलं. आता या बाईला सांगू काय? की तुमच्या हाताला गुण आहे म्हणून गाव येतं, त्या हातानं तुम्ही तुमच्या कुंकवाला महिनाभर मरणाच्या काठावर ढकलत होता? माझ्या जिभेला एरवी हाड नाही. पण तेव्हा मी एवढंच म्हटलं, शीर फुगलीय, ऑपरेशन करावं लागणार.

संध्याकाळी सर्जननी तिघांनाही समोर बसवून समजावलं. तो फुगलेला तुकडा कापून काढून नवी नळी जोडायची विद्या तेव्हा कुणालाच येत नव्हती, ती पुढं आली. तेव्हा एवढंच जमत होतं की पोट उघडायचं, फुग्याभोवती एक पातळ चकचकीत कागद गुंडाळायचा, सिगारेटच्या पाकिटावर असतो त्या जातीचा, आणि पोट शिवून टाकायचं. त्या कागदाचा शरीराला त्रास होतो, त्याच्याभोवती घट्ट, जाड वण धरतो, आणि तो वण फुग्याला आवळून ठेवतो. त्यांनी तो कागद दाखवला. म्हणाले, मी हे ऑपरेशन वाचलंय, एकदा परदेशात बघितलंय, केलेलं नाही. टेबलावरच जायचा धोका आहे. नाही केलं तर कधीही जायचा धोका आहे.

आत्याबाईंनी कागद हातात घेतला, चुरगळून बघितला. तो कुरकुरला. त्या म्हणाल्या, "माझा दिवा-तांब्या खुळा, आन तुमचा ह्यो कागूद शाना व्हय?"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण सर्जन हसले नाहीत. म्हणाले, मावशी, दहा वर्षांनी कदाचित हाही खुळाच ठरेल, पण आज माझ्याकडं याहून शहाणं काही नाही. आत्याबाईंनी कागद मांडीवर सरळ करून परत दिला. मामंजी मात्र कधीचे मान हलवत होते. त्यांना पहिल्या वाक्यातच उमगलं होतं. म्हणाले, मोटंचं चामडं इरलं की तिथं फुगतं. बाहेरनं चांगला पट्टा आवळला तर हंगाम निघतो. आवळा. आणि त्यांनी स्वतः सही केली, पलटणीत शिकलेली, एकेक अक्षर कवायतीला उभं केल्यासारखं.

दोन दिवसांनी सकाळी ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळपासून नर्सनं त्यांचं खाणं बंद केलं, पहाटेपासून पाणीही नाही. माझं लक्ष कशात नव्हतं. मी सकाळी नळावर तोंड धुऊन आले, पुन्हा विसरून तोंड धुवायला गेले. परत वॉर्डात येते तर आत्याबाई खाटेशेजारी पाठमोऱ्या बसलेल्या. गाठोडं सुटलेलं. स्टुलावर तांब्या, शेजारी कणकेचा दिवा, वात घातलेली, तेल भरलेलं. मामंजींचा सदरा वर केलेला, पोट उघडं. नर्स पलीकडच्या टोकाला कुणाला तरी औषध देत होती.

मला एका क्षणात सगळं कळलं. उपाशी पोट, सकाळची वेळ. दवाखान्यानं आपल्या हातानं त्यांची सगळी तयारी करून दिली होती. त्यांच्या लेखी ही शेवटची संधी होती. आता बेंबी बसली तर नवऱ्याचं पोट कापायचं टळणार होतं. त्या बाईच्या मनात वाईट काही नव्हतं हो. होती ती नुसती माया, आणि तीच जीव घेणार होती.

मी धावत जाऊन त्यांची दोन्ही मनगटं धरली. सुनेनं सासूची मनगटं धरली, भरल्या वॉर्डात. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की एरवी मी जळून गेले असते.

"सोड," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला आडवतीस?"

"आत्याबाई, दाबलं तर फुटेल. दरवेळी रेटताना फुटू शकत होतं. डॉक्टरांनी सांगितलंय मला. तुमच्या हातानं, आणि माझ्याही."

मी हे हळू बोलले. तरी मला वाटलं सगळ्या सांगलीनं ऐकलं. त्यांच्या मनगटातला जोर एकदम गेला, हात माझ्या हातात तसेच लोंबत राहिले. मामंजींचे डोळे मिटलेले होते. झोपलेत असं मी स्वतःला सांगितलं. मी सदरा खाली ओढला. आत्याबाईंनी दिवा उचलला, तेल सांडत सांडत व्हरांड्यात नेला आणि बाहेरच्या चाफ्याच्या बुंध्याशी ठेवून आल्या. त्या परत येईपर्यंत मामंजींना ढकलखाटेवर घेऊन गेले होते.

त्या सकाळचे साडेतीन-चार तास मी कसे काढले ते मलाच ठाऊक. व्हरांड्यात या टोकाहून त्या टोकाला बावीस फरश्या होत्या. वॉर्डबॉय दोनदा ओरडला, बाई, एका जागी बसा. मी बसले, उठले. पाणी आणायला गेले आणि तांब्या तिथंच विसरून आले. फौजेतल्या यांना पत्र लिहायला घेतलं, तीर्थरूप मामंजींची प्रकृती एवढं लिहून पुढं काय लिहू कळेना, फाडलं. आतल्या दाराची कडी वाजली की मी धावत दाराशी. आत्याबाई भिंतीला टेकून होत्या, जराही हलल्या नाहीत. दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरलेले, थंडीत धरतात तसे. थंडी नव्हती. मला वाटत होतं त्यांनी मला शिव्या घालाव्यात, त्या गप्प बसण्यापेक्षा तोंडात मारलं असतं तरी चाललं असतं.

सर्जन बाहेर आले तेव्हा अंगावरचा झगा घामानं पाठीला चिकटला होता. म्हणाले, गुंडाळलंय. फुगा फुटला नाही. पुढचे आठ दिवस जड आहेत, पण आत्ता जिवंत आहेत. मी मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून बसले असेन. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. हात काखेतच. विचारलं काय, तर, "बेंबी ऱ्हायली का कापली?"

सर्जन थकलेले होते तरी नीट उत्तर दिलं. त्यांनी स्वतःच्या झग्यावर बोटानं रेघ काढून दाखवली, वरून सरळ खाली येणारी, आणि मधे बेंबीला वळसा घालून पुन्हा सरळ. म्हणाले, बेंबी कुणी कापत नाही मावशी, आम्हीसुद्धा वळसा घालतो. आत्याबाईंनी मान हलवली. मग तोंडाला पदर लावून त्या जशा रडू लागल्या, तशा पुत्रशोकातही रडल्या नसतील. आमच्या यांच्या आधीचे त्यांचे दोन मुलगे लहानपणीच गेले होते.

आठ दिवसांचे बारा झाले. ताप आला, उतरला. पोट फुगलं, उतरलं. मामंजी वाळून काठी झाले. पण राहिले. आणि मला हळूहळू दुसरंच काहीतरी दिसू लागलं. आत्याबाई सगळं करायच्या. पेज आणायच्या, चादर धुवायच्या, माश्या वारायच्या. पण मामंजींना हात लावत नव्हत्या. पाण्याचा पेला स्टुलावर ठेवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. उशी सरळ करायची वेळ आली की मला हाक. एकदा मामंजींना ठसका लागला, मी लांब होते, तर त्या नुसत्या उभ्या राहिल्या, हात पुढं केला आणि मागं घेतला, आणि शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बायकोला म्हणाल्या, बाई, तू जरा पाठ थोपट गं. मला काय वाटलं ते कसं सांगू? हे मी केलं होतं. ती मनगटं मी धरली होती. जीव वाचला, पण बाईचे हात मी काढून घेतले होते.

टाके काढले त्या सकाळी ड्रेसिंगवाला गेल्यावर मामंजी उघड्या पोटानं पडून होते. व्रण अजून तांबडा, बेंबीपाशी वळण घेतलेला. पोट उडत होतं. सर्जननी सांगून ठेवलं होतं, उडणार, ते उडायलाच हवं, फक्त वाढायला नको. आत्याबाई पेला स्टुलावर ठेवून वळल्या. मामंजींनी हाक मारली. आम्ही शेजारी असताना बायकोला हाक मारायचं त्यांच्या पिढीत नव्हतं, त्यांनी मारली.

म्हणाले, "बग की. बसली का?"

त्या म्हणाल्या, नगं. लागंल तुमास्नी.

"मी त्या दिशी जागा व्हतो," मामंजी म्हणाले. "समदं ऐकलंय. तुझ्या हातानं मरायचं आसतं तर कवाच मेलो आसतो. ठेव हात."

आणि भर वॉर्डात, दहा-बारा माणसांसमोर, त्यांनी बायकोचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत्याबाईंनी दाबलं नाही, बोटं रोवली नाहीत. नुसता पंजा पसरून ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. ठोका आला की पंजा वर यायचा, खाली जायचा. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, मधीच हाय. मी खरकटी भांडी उचलली आणि नळावर गेले. तिथं दोनच भांडी मी किती वेळ घासत होते कुणास ठाऊक.

पण माझं काय? त्या दिवशी मामंजींनी बायकोला मोकळं केलं. माझ्याबद्दल ते एक अवाक्षर बोलले नाहीत. मीही रेटलं होतं, तेही कळूनसवरून, बोटं नको म्हणत असताना. आत्याबाईंना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. पुढचे दोन दिवस मी वाट बघितली. ते मला नेहमीसारखं पाणी मागायचे, चंची मागायचे, ती मी देत नव्हते म्हणून कुरकुरायचे. बाकी काही नाही. माझा जीव नुसता टांगणीला.

गाडीत परत येतानाही मी उभीच. आत्याबाई मामंजींच्या शेजारी खेटून बसल्या होत्या, गाठोडं मांडीवर. त्यातला तांब्या पुढं आमच्या घरात पाणी तापवायला वापरला गेला. आमच्या सोप्यावर सकाळी कुणी पोट धरून आलं की आत्याबाई म्हणायच्या, माझा हात गेला, तुमी साताऱ्याला जावा. लोकांना वाटलं, दवाखान्याचं वारं लागलं. मामंजी त्यानंतर सहा वर्षं होते, आणि गेले ते छातीच्या विकारानं, कागदानं दगा दिला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी रहिमतपूर आलं. फलाट खाली, डब्याची पायरी उंच. घरची गाडी घेऊन आलेला आमचा भाऊबंद, धट्टाकट्टा, दोन्ही हात पसरून खाली उभा होता. आत्याबाई आधीच उतरून दुसरीकडून हात देत होत्या. मामंजी दारात थांबले. त्यांनी दोघांकडं बघितलं आणि मान मागं वळवली. मी सामान धरून मागं उभी होते.

"पोरी," ते म्हणाले, "तुजा हात दे. उजवा."

मी हातातलं गाठोडं टाकलं आणि हात दिला. त्यांनी त्याच्यावर सगळा भार घातला आणि एक एक पायरी उतरले. बैलगाडीत बसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.